तात्पुरता हुकूम, कायमची सत्ता

“मत देऊन उपयोग काय? शेवटी सरकारला हवे तेच होते,” हे वाक्य आता घराघरांत ऐकू येते. वाचकहो, हा वैताग खोटा नाही. पण सरकारची सत्ता कोणत्या वाटेने वाढते हे पाहिल्याशिवाय त्यातून काही निष्पन्न होत नाही. अशी एक वाट म्हणजे अध्यादेश.

विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली, तर घटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. त्याला कायद्याचेच बळ असते. मात्र तो सभागृहापुढे ठेवावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो.

बिहारमध्ये या अटीला बगल दिली गेली. अधिवेशन संपले की तोच अध्यादेश पुन्हा काढायचा! १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ अध्यादेश निघाले. काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. निवडणुका होत होत्या, सभागृह भरत होते. पण या हुकमांवर आमदारांचे मत कोणी घेतले नाही.

हे उघडकीस आणले पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी. राजपत्रे चाळून त्यांनी १९८३ मध्ये पुस्तक लिहिले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्यासोबत वनोपजाच्या अध्यादेशाची झळ लागलेला एक रयतही होता. प्राध्यापकांचा याच्याशी संबंध काय, असा आक्षेप सरकारपक्षाने घेतला. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की घटनेप्रमाणे झालेल्या कायद्यांनीच आपल्यावर राज्य व्हावे, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. सरकारची ही रीत म्हणजे घटनेशी केलेले कपट, असे न्यायालयाने ठरवले.

तरी खोड गेली नाही. संस्कृत शाळांबाबत बिहारमध्ये पुन्हा तसेच घडले आणि २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाला हाच मुद्दा नव्याने बजावावा लागला.

म्हणून आपण इंदूरला असा, बेळगावला वा हैदराबादला, आपल्या राज्यात अध्यादेश निघाला की एवढे विचारावे: अधिवेशनापर्यंत थांबता आले नसते का? तो सभागृहापुढे ठेवला का? मुदत संपल्यावर पुन्हा तर काढला नाही ना? आपल्या आमदारालाही हेच विचारावे. मत देण्याचे काम एका दिवसाचे. हे काम मधल्या पाच वर्षांचे आहे.