वाटीतल्या पाण्याचं नाव

मुंबईच्या उपनगरात ‘लोकल’ म्हणजे गाडी. ऑपरेशन थिएटरचं दार ढकललं, की तोच शब्द जागा बधीर करणाऱ्या लिग्नोकेनचा होतो. सर्जन म्हणतात, ‘लोकल भरा.’ शिकलेला ओटी टेक्निशियन लगेच भरत नाही. आधी विचारतो, ‘सर, किती टक्के? अ‍ॅड्रेनलिनचं की साधं?’ त्याचं औषधशास्त्र या उलट प्रश्नातच आहे.

जुहूचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी अशी पालिकेची मोठी रुग्णालयं असोत, नाहीतर बोरिवली-मुलुंडच्या इमारतींतली दहा-बारा खाटांची नर्सिंग होम. ट्रॉली लावणारे हात ओटी टेक्निशियनचे किंवा सिस्टरांचे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी पदवीत तीन वर्षं शिकायचं आणि एक वर्ष आंतरवासिता करायची. 2021च्या केंद्रीय कायद्याने ओटी टेक्नॉलॉजिस्टची गणना आरोग्य व्यावसायिकांत केली.

औषध ठरवतात डॉक्टर. टेक्निशियनला हिशेब कळावा लागतो. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम. साध्या लिग्नोकेनची नेहमीची कमाल मर्यादा किलोमागे 4.5 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साडेतेरा मिलिलिटर. सोबत अ‍ॅड्रेनलिन असेल तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात सावकाश उतरतं आणि मर्यादा किलोमागे सातवर, म्हणजे एकवीस मिलिलिटरवर जाते. ‘साधं की अ‍ॅड्रेनलिनचं’ या प्रश्नात साडेसात मिलिलिटरचा फरक दडलेला असतो.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचं तसंच. पाच मिलिलिटरच्या एका बाटलीत एकूण 5,000 युनिट, तेवढ्याच दुसरीत 25,000. बाटली ओळखीची वाटली म्हणून उचलली, तर चूक पाचपट. पाठीत द्यायचं भुलीचं ‘हेवी’ बुपिव्हाकेन आणि रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड यांच्या काचेच्या अँप्युल दिसायला सारख्या असू शकतात. दुसरं चुकून मणक्यात गेलं तर झटके येतात, जीवही जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

बाटलीवर निदान नाव असतं. खरा धोका औषध बाटलीतून निर्जंतुक वाटीत ओतल्यावर सुरू होतो. 2004 मध्ये सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवर उपचार चालू होते. सलाईन, क्ष-किरणांत दिसणारा द्राव आणि त्वचा स्वच्छ करण्याचं क्लोरहेक्सिडिन, तिन्ही पाण्यासारखी, तिन्ही लेबल नसलेल्या भांड्यांत. द्रावाऐवजी क्लोरहेक्सिडिन टोचलं गेलं आणि ती दगावली. रुग्णालयाने चूक जाहीर कबूल केली.

म्हणून ट्रॉलीचे नियम साधे पण कडक. ओतणाऱ्याने नाव, तीव्रता, मुदत मोठ्याने वाचायची. घेणाऱ्याने डोळ्यांनी पाहून परत म्हणायची. ओतताक्षणी लेबल लावायचं. भूल देण्याच्या सिरिंजवर आंतरराष्ट्रीय रंग: स्नायू सैल करणाऱ्याला लाल, अफूवर्गीय वेदनाशामकाला निळा, लोकलला राखाडी. रिकाम्या बाटल्या शस्त्रक्रिया संपेपर्यंत टाकायच्या नाहीत.

आणि तरी एखादी वाटी बिननावाची राहिलीच, तर? ‘सलाईनच आहे ते, मीच ओतलंय,’ असं कोणीतरी म्हणतंच, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. तरीही वाटी उपडी करायची, नवं सलाईन घ्यायचं आणि पहिल्यांदा लेबल चिकटवायचं.