मिरजेचे मिशन हॉस्पिटल आणि वानलेसवाडी

सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव सतार-तंबोऱ्यांच्या घडणीसाठी जितके प्रसिद्ध आहे तितकेच दवाखान्यांसाठीही, आणि ही दुसरी ख्याती ज्या वास्तूपासून सुरू झाली तिला लोक ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतात. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) हे १८८९ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले; प्रेस्बिटेरियन म्हणजे बिशपांऐवजी मंडळीने निवडलेल्या वडीलजनांकडे कारभार सोपवणारा प्रॉटेस्टंट पंथ. आरंभी त्यांनी सांगलीत औषधोपचार केले, पुढे मिरजेला मुक्काम हलवला आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले.

मिरजेची निवड दूरदृष्टीची ठरली. पटवर्धनांच्या या संस्थानी गावातून पुण्याहून बेळगावकडे जाणारा लोहमार्ग जात होता आणि कोल्हापूरचा फाटाही येथेच फुटत होता, त्यामुळे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मुलखांतला रुग्ण, आजवर वैद्याच्या पुडीवर किंवा नवसावर विसंबलेला, आगगाडीने थेट शल्यचिकित्सकाच्या दारी पोहोचू शकला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरून कायमचा परावलंबी झालेला शेतकरी शस्त्रक्रियेनंतर आपल्या पायांनी गावी परतला, की त्याच्यामागून त्या गावचे आणखी चार जण येत असतील, यात नवल नाही.

तरीही वानलेस यांचे सर्वांत मोलाचे काम शस्त्रक्रियेचे नव्हे, तर शिकवण्याचे मानावे लागेल. १८९७ मध्ये त्यांनी येथे वैद्यकीय शाळा सुरू केली, आणि परक्या डॉक्टरावर अवलंबून न राहता इथल्याच तरुणांच्या हाती ही विद्या सोपवण्याची वाट मोकळी झाली. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु उपचारासाठी येणाऱ्याला धर्मांतराची अट नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

मिशनच्या याच कामातून सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. क्षयावर गुणकारी ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध १९४३ मध्ये लागला. त्यापूर्वी मोकळी हवा, सकस अन्न आणि दीर्घ विश्रांती हाच क्षयावरचा मुख्य उपचार असल्याने अशी जागा वस्तीपासून दूर निवडावी लागे. त्या परिसराला वानलेसवाडी हे नाव पडले. १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळालेले वानलेस त्याच वर्षी निवृत्त होऊन परतले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत निवर्तले. एके काळी माळावर असलेली त्यांच्या नावाची वाडी मात्र आज सांगली-मिरजेच्या भरवस्तीत आली आहे.