ओट्यावरून निसटलेलं अंडं

● वेग : ८० सेंटिमीटर उंच ओट्यावरून पडलेलं अंडं ०.४ सेकंदात फरशीवर आदळतं. त्या क्षणी वेग असतो ताशी सुमारे १४ किलोमीटर.

● कवच : जाडी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर. बहुतांश भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून ते वाकण्याऐवजी तडकतं.

● आवाज : तडा जाताना कवचातला ताण एकदम सुटतो आणि ‘टच्’ असा तीक्ष्ण आवाज उमटतो. आतला चिकट द्रव कंपनं शोषून घेतो. त्यामुळे आवाज घुमत नाही, लगेच विरतो.

● उभं की आडवं? : अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अवघ्या ८ मिलिमीटरवरून उभी पडलेली निम्म्याहून अधिक अंडी फुटली, आडव्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी. आडवं अंडं किंचित दबतं आणि धक्का पचवतं.