उकळीच्या अलीकडे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चौदाव्या शतकातला एक काचेचा पेला आहे. सीरियात किंवा इजिप्तमध्ये घडवलेला, मीनाकामाने नटलेला. नाव ‘लक ऑफ ईडनहॉल’. तो फुटला की घराण्याचे नशीब फुटले, अशी उत्तर इंग्लंडमधल्या मसग्रेव्ह घराण्याची समजूत. पेला शाबूत राहिला. घराण्याचा ईडनहॉल हा वाडाच १९३४ साली पाडला गेला. नशिबाचे काय ते असो, माझा विश्वास पेल्यासोबत जपलेल्या मध्ययुगीन डब्यावर. तो आहे कडक केलेल्या चामड्याचा.

अशा चामड्याला फ्रेंचमध्ये ‘क्विर बुयी’ म्हणतात, म्हणजे उकळलेले चामडे. नाव फसवे आहे. चामडे खळखळत्या पाण्यात जरा जास्त राहिले, तर वेडेवाकडे आक्रसते आणि वाळल्यावर तडकते.

कातड्यातले मुख्य प्रथिन कोलॅजेन. त्याचे तीन धागे दोरीच्या पेडांसारखे एकमेकांत वळलेले असतात. ओकच्या सालीत कातडे कमावताना सालीतले टॅनिन या दोरीला चिकटून बसते. असे चामडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला पोचले, की पीळ सुटतो. तुकडा बघता बघता आखडतो, जाड होतो आणि थोडा वेळ रबरासारखा वाकतो. कारागिराला हवा तो आकार याच वेळात द्यायचा. निवून वाळला की तुकडा लाकडासारखा टणक. आच सोडलीच नाही, तर कोलॅजेन विरघळत जाऊन शेवटी उरतो सुतार वापरतात तो सरस!

पण नक्षीकामाला आखडणे परवडत नाही. तिथे भिजवून मऊ केलेले चामडे लाकडी साच्यावर ताणायचे, नक्षी उठवायची आणि मंद उबेत वाळवायचे, ही रीत सोयीची. मेण पाजले तर पाणी शिरत नाही. इंग्लंडातले दारूचे चामडी बुधले आतून डांबरासारख्या राळेने लिंपलेले असत.

१२७८ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने विंडसरला भरवलेल्या खेळाच्या लढतींसाठी ३८ चामडी चिलखते घेतली गेली. तलवारी होत्या देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या आणि चर्मपत्राच्या. लुटुपुटूची लढाई, पण खर्च राजाचा!

घरी प्रयोग करायचा असेल, तर बुटाचे चामडे बहुधा उपयोगाचे नाही. ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते; उकळत्या पाण्यातही फारसे आखडू नये, अशीच त्याची परीक्षा असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या जुन्या कोल्हापुरी चपलेचा तुकडा घ्या. आधी गार पाण्यात भिजवा, मग ८० अंशांच्या पाण्यात चिमट्याने धरा. आखडू लागला की लगेच बाहेर काढा. ती चप्पल पुन्हा पायात जाणार नाही, एवढे घरच्यांना आधी सांगून ठेवा.