टाके, टँक आणि वाघीण : शंटिंग-इंजिनांच्या परिभाषेचा विचार

यार्डात डबे जोडणे, तोडणे व रूळ बदलून गाडीची जुळणी करणे या कामास रेल्वेच्या परिभाषेत 'शंटिंग' म्हणतात. वाफेच्या युगात जड शंटिंगसाठी योजिल्या जाणाऱ्या इंजिनांत टँक-इंजिनांचा वर्ग महत्त्वाचा होय. सामान्य इंजिनामागे पाणी व कोळसा वाहणारे स्वतंत्र टेंडर असे. टँक-इंजीन मात्र दोन्ही स्वतःच्याच सांगाड्यावर वाही. पाण्याच्या टाक्यांचा भार चालक-चाकांवर आल्याने रुळावरील पकड वाढे आणि चाके न घसरता जड वाघिणी हलविता येत. मागे टेंडर नसल्याने चालकास मागचेही स्पष्ट दिसे व इंजीन फिरवून घेण्याची गरज उरत नसे. दोषही त्याच गुणातून उद्भवे : साठा थोडा, आणि पाणी खर्च होताच पकड कमी. म्हणून लांब पल्ल्यापेक्षा यार्ड हेच त्याचे क्षेत्र ठरले.

भाषेच्या दृष्टीने 'टँक' हा शब्द उद्‌बोधक आहे. या इंग्रजी शब्दाचे नाते गुजराती 'टांकुं' व मराठी 'टाके' यांच्याशी जोडले जाते. पोर्तुगीज 'टांके'चाही त्यावर परिणाम मानतात. म्हणजे गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्याचा आप्त परदेशी वेष घेऊन इंजिनावर परत आला आणि मराठीत 'टाके'च्या शेजारी 'टँक' म्हणून वेगळाच नांदू लागला.

उलट 'वॅगन' हा शब्द परका राहिला नाही. लोकव्युत्पत्तीने त्याची 'वाघीण' झाली. लिंग, अनेकवचन व सामान्यरूप ('वाघिणीत', 'वाघिणींना') सर्व मराठी व्याकरणाने दिले. तिसरा प्रकार अर्थविस्ताराचा. 'सांधा' म्हणजे जोड; त्यावरून रूळ बदलणारा तो 'सांधेवाला'. जहाजावरचा 'खलाशी' रेल्वेत कामगार झाला. 'शंटिंग' मात्र जसेच्या तसे राहून 'करणे' या क्रियापदाच्या आधाराने वाक्यात वावरते.

या परिभाषेच्या अभ्यासास यवतमाळ जिल्हा हे योग्य क्षेत्र होय. यवतमाळ–मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग वऱ्हाडच्या कापसासाठी उपयुक्त ठरला. मूर्तिजापूरला रुंद रूळ लागत असल्याने माल एका मापाच्या वाघिणीतून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत चढवावा लागे. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले 'झेडडी' वर्गाचे वाफेचे इंजीन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत 'शकुंतला' ओढीत होते.

या वर्गनामांतील अक्षरेही चिन्हव्यवस्थाच होत. 'झेड' हे अडीच फुटी रुळाचे, 'डब्ल्यू' रुंद रुळाचे चिन्ह. 'डब्ल्यूटी'तील 'टी' म्हणजे टँक. परंतु अक्षराचा अर्थ स्थानावर व काळावर अवलंबून असतो. वाफेच्या 'झेडडी'मधला 'डी' डिझेलचा नव्हे. पुढील 'झेडडीएम' या वर्गनामात मात्र तो डिझेलचाच. एकच अक्षर, एकच रूळमाप, अर्थ भिन्न.

आता वाफेचे इंजीन गेले, शकुंतलाही बंद पडली. छापील वर्गनामे दप्तरांत टिकतील. परंतु सांधेवाल्यांचे व खलाशांचे उच्चार, हाका व क्रियापदे बोलणाऱ्यांबरोबरच संपतात. १९९४ साली तरुण असलेले कामगारही आज वृद्ध आहेत. कोशकार्याचा हा भाग म्हणूनच ग्रंथालयातून नव्हे, तर दारव्हा-यवतमाळच्या घरांतून सुरू झाला पाहिजे, आणि तो विलंब न लावता.