खुब्याचे हाड बसले, आता आजींना उभे राहू द्या!

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक एक्स-रे हातात घेऊन हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, हाड नीट बसलं ना?’ खाटेवरच्या आजींचा प्रश्न मात्र वेगळा असतो. मुलगा औषधे आणायला बाहेर गेला, की त्या हळूच विचारतात, ‘मला संडासला माझी मी जाता येईल ना हो?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक्स-रेमध्ये दिसते. दुसऱ्याचे उत्तर पुढच्या तीन-चार महिन्यांत घरात ठरते. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि तरीही रुग्ण कायमचा अंथरुणाला खिळला, असे आपल्याकडे वारंवार घडते. त्यात दोष हाडाचा नसतो. शस्त्रक्रियेनंतरचे काम कोणते आणि ते कोणत्या क्रमाने करायचे, हे घरच्यांना कोणी नीट सांगितलेले नसते.

नेमके मोडते काय?

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतो आणि तिथे खुब्याचा सांधा तयार होतो. गोळ्याच्या खाली हाडाची ‘मान’ आणि त्याखाली स्नायू चिकटलेला रुंद भाग असतो. वयानुसार, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये अधिक वेगाने, हाडे ठिसूळ होतात. मग मोरीत पाय घसरणे, रात्री अंधारात उंबऱ्याला अडखळणे एवढेही पुरते.

मान मोडून हाड सरकले, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून वृद्धांमध्ये बहुतेक वेळा तो गोळा काढून धातूचा गोळा बसवतात. मानेखालचा भाग मोडला, तर तिथे रक्तपुरवठा चांगला असल्याने सळई किंवा पट्टी-स्क्रूने हाड धरून ठेवले की ते जुळते. आपल्या रुग्णावर यातली कोणती शस्त्रक्रिया झाली, हे घरच्यांनी विचारून घ्यावे. पुढची पथ्ये त्यावर ठरतात.

‘आराम करा’ हा सल्ला आला कुठून?

भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो, ‘आता तीन महिने हलायचं नाही.’ हा सल्ला पूर्वी खरा होता. शस्त्रक्रियेची सोय नव्हती तेव्हा पायाला वजन बांधून रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवत आणि हाड आपोआप जुळण्याची वाट पाहत. त्या काळात कित्येक जण हाड मोडल्यामुळे नव्हे, तर पडून राहिल्यामुळे दगावत. छातीत कफ साचून न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पाठीला झालेल्या जखमा ही त्याची कारणे.

आज शस्त्रक्रिया करतात तीच मुळी रुग्णाला लवकर उभे करण्यासाठी. प्रकृती ठीक असेल तर ती पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर धरून उभे करावे, अशी आताची पद्धत आहे. बहुतेक वृद्धांना सोसेल तेवढे वजन पायावर देण्याची मुभा असते. काहींना नसते, म्हणून शल्यचिकित्सकाला स्पष्ट विचारा आणि उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

पडून राहण्याची किंमत किती असते? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवले. त्यांना कोणताही आजार नव्हता, तरी त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस झडले. मग आधीच अशक्त, त्यात हाड मोडलेल्या आजींना महिनाभर झोपवले तर काय उरेल?

स्वावलंबन परत येते, ते क्रमाने

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या बेंजामिन रोझ रुग्णालयात सिडनी कॅट्झ हे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी खुबा मोडलेल्या वृद्धांच्या दिनक्रमाच्या बारीक नोंदी ठेवत होते. त्यांतून सहा कामांची एक मोजपट्टी तयार झाली आणि १९६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे ही ती सहा कामे. आजही जगभरचे डॉक्टर ती वापरतात.

कॅट्झ यांच्या लक्षात आलेली खरी गंमत पुढे आहे. बरे होताना ही कामे कशीही परत येत नाहीत. आधी जेवण आणि लघवी-शौचावरचा ताबा, मग उठून बसणे आणि शौचालय, सर्वांत शेवटी कपडे आणि आंघोळ, असा साधारण क्रम असतो. लहान मूल स्वावलंबी होते तेही जवळपास याच क्रमाने. घरच्यांना याचा उपयोग असा, की आज कशाची अपेक्षा करायची आणि कशासाठी थांबायचे हे कळते. आठव्या दिवशी आजींना आंघोळ जमत नाही म्हणून धीर सोडायचा नाही. पण आठव्या दिवशीही कोणी घास भरवत असेल, तर काहीतरी चुकते आहे.

पहिली पायरी : ताट समोर, माणूस बाजूला

शस्त्रक्रियेनंतर काही वृद्ध दोन-चार दिवस भ्रमात असतात. असंबद्ध बोलतात, रात्री ओरडतात, घरच्यांना ओळखत नाहीत. हे वेड नव्हे आणि बहुतेकांत ते हळूहळू ओसरते. मात्र अशी अवस्था दिसली की डॉक्टरांना लगेच सांगा. जंतुसंसर्ग, रक्तातले कमी झालेले क्षार, तुंबलेली लघवी किंवा एखादे औषध त्यामागे असू शकते. चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र पहिल्या दिवसापासून परत द्या. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री झोपू द्या, ओळखीचा माणूस जवळ बसवा.

जेवण पडून नको, बसून हवे. ताट समोर ठेवा आणि त्यांना आपल्या हाताने जेवू द्या. वेळ लागेल, सांडेल, चालेल. लघवीची नळी गरज संपताच काढतात. ‘राहू द्या, सोयीची आहे’ असा आग्रह धरू नका. नळीमुळे संसर्ग होतो आणि उठण्याचे कारणही संपते. डायपरचेही तसेच. तो रात्रीपुरता ठीक, पण दिवसभर बांधून ठेवला की माणूस उठण्याचा प्रयत्नच सोडतो.

दुसरी पायरी : खाट ते खुर्ची, खुर्ची ते संडास

माझ्या मते सगळ्यात मोठी लढाई इथे आहे. खाट आणि खुर्ची इतकी उंच हवी, की पाय जमिनीवर टेकतील आणि गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील. खुर्चीला हात असावेत. उठताना आधी पुढे सरकायचे, दुखरा पाय थोडा पुढे ठेवायचा, दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा आणि उभे राहायचे. वॉकर धरून ओढत उठू नये, तो उलटतो. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय.

वेदनाशामक गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी दिली, तर फिजिओथेरपिस्टच्या वेळेला दुखणे कमी असते. ‘गोळ्यांची सवय लागेल’ म्हणून दुखणे सोसत राहिले तर माणूस हालचालच करत नाही. मात्र गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच हवी. दुकानातून आणलेली काही वेदनाशामके वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात.

शौचालयाचे काय? आपल्याकडे अनेक घरांत ते उकिडवे बसण्याचे, चाळीत सामायिक, तर खेड्यात अंगणापलीकडे असते. पहिले काही आठवडे उकिडवे बसणे कोणालाच जमत नाही आणि धातूचा गोळा बसवलेल्यांनी तर ते टाळायचेच असते. त्यासाठी घर फोडून कमोड बसवायची गरज नाही. उकिडव्या भांड्यावर ठेवायचे लोखंडी कमोड-स्टूल किंवा खाटेशेजारी ठेवायची कमोड-खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात विकत वा भाड्याने मिळते. प्लास्टिकच्या साध्या खुर्चीला भोक पाडून केलेला जुगाड घसरतो आणि मोडतो, तो नको. भिंतीत पक्का धरायचा दांडा, रबरी पायपुसणे आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा या तीन गोष्टींनी दुसरी पडझड टळू शकते.

गोळा बसवलेल्यांना बहुधा सहा ते बारा आठवडे आणखी तीन पथ्ये असतात : खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवून गर्रकन फिरायचे नाही. पथ्ये केव्हा सैल करायची आणि मांडी घालून बसता येईल का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनाच विचारा.

तिसरी पायरी : कपडे आणि आंघोळ

कपडे घालताना दुखरा पाय आधी, काढताना दुखरा पाय शेवटी, हा साधा नियम लक्षात ठेवावा. सुरुवातीला गाऊन किंवा सैल पायजमा सोयीचा. नऊवारी नेसणाऱ्या आजींना गाऊन घालायची लाज वाटते, तेव्हा घरातल्या बायकांनी समजावून सांगावे. आंघोळीला पाटाऐवजी उंच, पक्के स्टूल घ्या. बादली जमिनीवर न ठेवता दुसऱ्या स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकावे लागत नाही. आंघोळीच्या वेळी दाराला आतून कडी नको.

जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. वॉकरला कापडी पिशवी बांधली की पाण्याची बाटली, चष्मा, मोबाइल बरोबर राहतो आणि हात मोकळे राहतात.

पुढे स्वयंपाकघर येते. भाजी निवडणे, लसूण सोलणे टेबलाशी बसून सुरू करावे. ओट्याला धरून दिवसातून काही वेळा टाचा उचलाव्यात, खुर्चीतून उठ-बस करावी. हे व्यायाम फुकटचे आहेत. उकळते भांडे उचलून चालायचे मात्र नाही. देव्हारा जमिनीलगत असेल तर तो टेबलावर घ्या. पूजेसाठी रोज उठणारी आजी न सांगता व्यायाम करते.

मदत करा, पण हात आवरून

आमच्या वॉर्डातून दरवर्षी असे रुग्ण घरी जातात. त्यांच्याबाबत एक गोष्ट नेहमी दिसते : प्रेमळ घरांतले काही रुग्ण मागे पडतात. सून पाणी हातात देते, मुलगा उचलून खुर्चीत बसवतो, नात मोजे चढवते. सगळे मनापासून. पण जे काम दुसरा करतो, त्याचे स्नायू रुग्णाचे झडतात. एकदा पडलेल्या माणसाच्या मनात भीती असतेच. ‘तुम्ही उठू नका, पडाल’ हे वाक्य ती पक्की करते. त्याऐवजी ‘मी शेजारी उभा आहे, तुम्ही उठा’ असे म्हणा. उचलू नका, आधाराला थांबा.

दुसरीकडे अपेक्षाही खऱ्या ठेवाव्यात. खुबा मोडणे हे गंभीर दुखणे आहे. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत वृद्ध रुग्णांपैकी साधारण पाचात एक वर्षभरात दगावतो आणि वाचलेल्यांपैकी साधारण निम्मेच पूर्वीसारखे चालू लागतात. सर्वाधिक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, म्हणून तो काळ वाया घालवायचा नाही. काठी कायमची राहिली तरी ती हार नव्हे. काठी घेऊन स्वतः देवळापर्यंत जाणारी आजी स्वावलंबीच असते.

दुसरा खुबा वाचवा

एक खुबा मोडला याचा अर्थ हाडे ठिसूळ आहेत. त्यावर उपचार न करता घरी पाठवणे म्हणजे अर्धेच काम. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन असे पर्याय आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत हे इंजेक्शन सुरू केलेल्यांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी आढळले. त्याआधी मूत्रपिंडाची आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची स्थिती पाहावी लागते. आठवड्याची गोळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक असते. ती रोज घेऊन विषबाधा झालेले रुग्ण आम्ही पाहतो.

जेवणात वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. पेज आणि चहा-बिस्किटावर हाड आणि मांस भरत नाही. घट्ट वरण, उसळ, दही, अंडी, मासे, शेंगदाणे, नाचणी, तीळ हे आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे, जखमेतून पाणी वा पू येणे, ताप, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड दिसणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा.

घरी गेल्यावर एक कागद भिंतीला लावा आणि त्यावर ती सहा कामे लिहा. दर रविवारी प्रत्येकापुढे एकच खूण करा : ‘स्वतः’ किंवा ‘मदतीने’. पुढच्या तपासणीला एक्स-रेबरोबर तो कागदही आणा. पुढे काय करायचे, हे आम्हाला त्यावरून अधिक कळते.