कळलावीच्या कंदातलं विष

पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळा पेटवणारी कळलावी देखणी खरी, पण सर्वांगी विषारी. तिचा नांगराच्या फाळासारखा कंद रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. दोष कोल्चिसिन या अल्कलॉइडचा. १८२० साली पेलतिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं, तेही कळलावीतून नव्हे, तिच्या युरोपीय नातलगातून.

हे विष कंदात आहे का, ते तपासताना कंदाचा अर्क सिलिकाच्या पट्टीवर चढवून ड्रॅगेनडॉर्फ द्रावण फवारलं, की नारिंगी ठिपका उमटतो. पण त्यावरून अल्कलॉइड आहे एवढंच कळतं. कोणतं, ते नाही. त्यासाठी शेजारी शुद्ध कोल्चिसिनचा ठिपका त्याच उंचीवर यायला हवा, मग एचपीएलसी या द्रव-क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर खात्री. नमुना मात्र अंधारात ठेवायचा: उजेडात कोल्चिसिनचं रूपच बदलतं. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत हेच रसायन गाउट या सांध्यांच्या आजाराच्या रुग्णांना देतात.